दोन मिनिटं

दोन हिवाळे मी सौनाला गेलो नाही.
एकदा रक्तदाब म्हणालो, एकदा कान,
एकदा तर मांजर आजारी आहे म्हणालो,
आणि आमच्याकडे मांजर नव्हतंच.
गडी शहाणे. कुणी मांजराची चौकशी केली नाही.

गाठ काढली, गाठीबरोबर लगामही गेला.
डॉक्टर म्हणाल्या, येईल ताबा हळूहळू.
हळूहळू म्हणजे किती, ते त्यांनाही ठाऊक नसावं.
खोकलो की थेंब,
हसलो की थेंब,
चुलीसाठी ओंडका उचलला की धार.
ओंडके सायमी उचलू लागली.
हसणं मी आपणहून कमी केलं.

पॅड मी नुरमेसहून आणायचो,
पंचावन्न किलोमीटर, दर गुरुवारी,
कारण लिएक्साच्या औषधांच्या दुकानात
मेव्हण्याची सून गल्ल्यावर बसते.

एकतीस वर्षं मी ग्रेडर चालवला.
पहाटे तीनला, दिव्याच्या उजेडात, बर्फ ओढत.
डांबर कुठे खचलंय हे मला बसल्या जागी
पार्श्वभागाला कळायचं.
तोच पार्श्वभाग, तीच जागा, आणि आता
पँट ओली झाल्यावर बातमी यायची.

मग कुओपिओ.
आत तीन वस्तू बसवल्या:
मूत्रनळीभोवती कडं, ओटीपोटात पाण्याचा फुगा,
आणि खाली, अंडकोशात,
करंगळीच्या पेराएवढा पंप.
सहा आठवडे तो नुसता पाहुणा. बंद.
मग नर्स आइला मला समोर उभं करून शिकवायला लागली.
तिच्या हातात प्लास्टिकचा नमुना,
माझ्या हातात मी.
‘दाबा. अजून. घाबरू नका हो,
कोंबडीचं अंडं नाही ते.’

दाबला.
कडं सैल झालं, आणि धार लागली.
त्र्याहत्तराव्या वर्षी, माझ्या हुकमावर.
दोन मिनिटांत कडं आपोआप भरतं, आवळतं.
पाकिटात आता एक कार्ड असतं:
मी बेशुद्ध सापडलो, तर नळी घालण्याआधी
कृपया हे वाचा.
सायकल सायमीच्या भाच्याला दिली.
आठ-दहा वर्षं टिकेल म्हणतात यंत्र.
मी किती, ते कुणी म्हणत नाही.

घरी आल्यावर पहिलं काम:
लाकडांच्या खोपटामागे, उणे बावीस अंशांत,
मी बर्फावर उभा राहिलो.
सहाव्या वर्षी थोरल्या भावाने इथेच
नाव लिहायला शिकवलं होतं.
आर्मास. पहिलं अक्षर झालं,
दुसऱ्याचा अर्धा पाय. पुरे.
सायमी खिडकीत भांडी घासत होती,
एकच भांडं, बराच वेळ.

शनिवारी गेलो.
कालेर्वो, एन्सिओ, एन्सिओचा नातू.
दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली,
एन्सिओने तोच जुना एल्कचा किस्सा काढला,
ज्यात तो स्वतःच झाडावर चढतो.
मी हसलो. पोट धरून, नंतर न धरता.
बाकावर हात फिरवून पाहिला.
ओलं होतं. नाकाशी नेलं:
घाम.

कालेर्वोने पोटाखालचा व्रण बघितला.
‘अस्वल?’
‘कुओपिओ.’
‘हं.’
एवढंच. आमच्याकडे हे पुष्कळ बोलणं झालं.

नंतर तळ्याकाठी, टॉवेल गुंडाळून,
अंगातून वाफा निघत असताना
तो शेजारी येऊन उभा राहिला.
‘दुखतं?’
‘सायकल बंद.’
बर्फाखाली तळं कुठेतरी कडकडलं.
मग खाली बघत, पाय आखडत, म्हणाला,
‘नुरमेसला मीपण जातो.
मंगळवारी.’

मी बर्चच्या आड गेलो.
‘दोन मिनिटं थांबावं लागतं’, म्हणालो.
‘थांबतो’, म्हणाला.